दुपारच्या खिडक्या

प्रिय खिटी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे बाजूला ठेवशील आणि दोन दिवसांनी उघडशील. चालेल. फोन तू उचलत नाहीस म्हणून लिहितोय असं मात्र समजू नकोस. उचलला असतास तरी हे मला बोलता आलं नसतं. कागदावर माणसाला मध्येच थांबता येतं. पूर्वी माझं प्रत्येक पत्र, गिऱ्हाइकाला लिहिलेल्या दोन ओळीसुद्धा, तुझी आई तपासून द्यायची. शाळेतून ती निवृत्त झाली, तिची लाल पेन्सिल झाली नव्हती. या पत्रावर तिचा हात फिरलेला नाही. चुका असतील. तशाच राहू देत.

बातमी अशी की घरात सेंट्रल एसी बसवायचं ठरवलंय. हे वाक्य तू परत वाचशील. चाळीस वर्षं मी लोकांना हे घर दाखवून खिडक्या विकल्या. गिऱ्हाईक आलं की त्याला जिन्यात उभं करायचं, खालची एक आणि वरची एक खिडकी उघडायची, त्याचा शर्ट फडफडायला लागला की म्हणायचं, बघा, घरात पंखासुद्धा नाही. तोच माणूस आता घर बंद करून आत थंडी भरून घेणार. हसायला आलं तर हस. मग तुला राग येईल, तोही बरोबर आहे. येत्या रविवारी आईला जाऊन वर्ष होईल. आता कुणासाठी, असं तू विचारशील. गवंडीमामाने ते माझ्या तोंडावरच विचारलं, पण ते पुढे सांगतो.

कंपनीकडून मापं घ्यायला एक बाई आली होती. तुझ्याच वयाची असेल. खांद्याला बॅग, हातात भिंतीवर लाल ठिपका पाडून अंतर सांगणारं यंत्र. चपला काढायच्या आधीच तिने मान वर करून विचारलं, खिडक्या किती? मी म्हटलं, तेवीस. एवढ्या कुणी करून दिल्या? म्हटलं, मीच केल्या. ‘मग बरोबर,’ म्हणाली, ‘दुसऱ्या कुठल्या सुताराने ऐकलं नसतं.’ सगळं घर फिरून आल्यावर जिन्यात बसून पाणी प्यायली आणि म्हणाली, ‘काका, घर सुंदर आहे. पण माझ्या कामासाठी ही चाळणी आहे. चाळणीत पाणी कसं भरायचं ते आता तुम्हीच सांगा.’ तुझ्या आईला ती पहिल्या वाक्यालाच आवडली असती. मला वेळ लागला.

घर उतारावर तीन पायऱ्यांसारखं बसलंय, हीच तिची मोठी अडचण आहे. खाली कारखाना आणि तुझी खोली, मध्ये स्वयंपाकघर आणि बैठक, वर आमची खोली. एकाच पातळीवरच्या घरात थंड हवेचा डक्ट छताखालून सरळ नेता येतो. इथे त्याला जिना चढावा लागतो. मशीन स्वयंपाकघरामागच्या कट्ट्यावर बसेल, जिथे आई कपडे वाळत घालायची. तारेचे खांब काढावे लागतील. तिथून एक डक्ट जिन्याच्या कडेने वर आणि एक खाली. पाण्याची नळी उतारावरून मागच्या गटारापर्यंत. दगडी भिंत तीन ठिकाणी फोडायची. वरच्या खोलीचं छत बुटकं आहे, तिथे फॉल्स सीलिंग बसत नाही, म्हणून पलंगाच्या डोक्याशी भिंतीत एकच जाळी. मी विचारलं, सगळ्यात आधी गार कुठली खोली होईल? म्हणाली, खालची. ‘गार हवा जड असते, काका. पाण्यासारखी घरंगळत खाली जाते. वर राहणाऱ्याला ती सगळ्यात शेवटी मिळते. म्हणून वरच्या खोलीचा विचार सगळ्यात आधी करायचा.’ ती सहज बोलून गेली. मी जिन्याचा कठडा धरून उभा होतो.

आणि खिडक्या. तेवीसपैकी चौदा कायमच्या बंद कराव्या लागणार. मी विचारलं, कायमच्या म्हणजे? ती म्हणाली, कायमच्या म्हणजे कायमच्या, फटीत रबर आणि वरून सील. उरलेल्या नऊ थंडीत उघडता येतील. ती गेल्यावर मी खडू घेऊन चौदा खिडक्यांवर फुल्या मारत फिरलो. तुझ्या खोलीतल्या बुटक्या खिडकीपाशी हात थांबला. ती मी तू चार वर्षांची असताना केली, तुझ्या उंचीला पुरेल अशी. तिची खिटी तुला लावता यायची, काढता यायची नाही. मग आतून ओरडायचीस, ‘बाबा, वारा अडकला, बाबा, वारा अडकला.’ तेव्हापासून तू खिटी झालीस. तुझं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आणि आईच्या तोंडी, तेही फक्त ती रागावली की. त्या खिडकीवर मी फुली मारली. नंतर ओल्या फडक्याने पुसली. तिच्याऐवजी बैठकीतली एक घेतली.

गवंडीमामा भिंती बघायला आला. या भिंती त्यानेच बांधल्या, तेव्हा आम्ही दोघंही पंचविशीत होतो. आता त्याला पायऱ्या चढताना गुडघ्यावर हात ठेवावा लागतो. मी जिथे भोकं पाडायची तिथे हात ठेवून दाखवला, तर म्हणाला, ‘म्हणजे मी माझीच बत्तीशी पाडायची म्हण की.’ मग भिंतीला कान लावून दगडावर टिचक्या मारल्या, दोन शिव्या दिल्या, त्या दगडाला की मला कळलं नाही. पुढे खाली बघत म्हणाला, ‘वहिनी दोन वर्षं मागत होत्या. तेव्हा तुझ्या घराला वारा पुरत होता. वहिनी गेल्या आणि वारा कमी पडला होय रे?’ त्यालाच बोलल्यावर कसंतरी झालं असावं. मला चहा कर म्हणायच्या ऐवजी स्वतःच स्वयंपाकघरात गेला, डबे उघडून साखर शोधली, आणि दोघांचा चहा करून आणला. फार गोड झाला होता. आम्ही तो सगळा प्यायलो.

तो म्हणाला ते खरं आहे. मापं घेणाऱ्या बाईने ऑफिसात जाऊन फोन केला, काका, तुमचा पत्ता आमच्याकडे आधीच आहे. तीन वर्षांपूर्वी काकूंनी बोलावलं होतं, आमचा माणूस मापं घेऊन गेला होता, फॉर्म तुमच्या सहीसाठी ठेवला होता, तो परत आला नाही. मी म्हटलं, बघतो. बघायची गरज नव्हती. मला तो दिवस आठवत होता. मी खाली रंध्यावर काम करत होतो. आई जिना उतरून आली, कागद बाकावर ठेवला, म्हणाली, ‘अहो, वाचून सही करा.’ मी म्हटलं, ठेव. तिने ठेवला. दुपारी मला एका झरोक्याच्या सांध्याचं चित्र काढायला कागद हवा होता.

तो फॉर्म मला कारखान्यात, खिळ्याला टोचलेल्या जुन्या चित्रांच्या गठ्ठ्यात सापडला. एका बाजूला माझा सांधा, मापांसकट. दुसऱ्या बाजूला तिचं अक्षर. खोल्यांची नावं, लांबी-रुंदी, खिडक्या कुठल्या दिशेला, आणि शेवटी दोन रकाने. एक, खोलीत माणसं किती. दुसरा, दुपारी खिडक्या उघड्या की बंद. वरच्या खोलीपुढे तिने लिहिलंय, दोन. तुझ्या खोलीपुढे लिहिलंय, ‘दोन, कधीतरी तीन.’ तू आणि तुझा नवरा दोन. तिसरं कोण ते तिने कधी तुला विचारलं नसेल. मलाही बोलली नव्हती. पण कंपनीच्या फॉर्मवर लिहून ठेवलं. आणि वरच्या खोलीच्या दुसऱ्या रकान्यात, ‘उघड्या. यांच्या समाधानासाठी.’ तेवढंच. शिक्षिकेचं अक्षर, काना मात्रा जागच्या जागी.

नवीन फॉर्म भरायला ती बाई पुन्हा आली तेव्हा तिने मला पहिला रकाना समजावून सांगितला. माणसाच्या अंगाची पण उष्णता असते, ती धरून मशीन किती मोठं हवं ते ठरतं. ‘माणूस म्हणजे एक छोटी शेगडीच असते, काका. वरच्या खोलीत किती शेगड्या?’ मी म्हटलं, एक. हा आकडा मी तोपर्यंत कुणापुढे उच्चारला नव्हता. लोक विचारतात कसे आहात, कुणी किती आहात विचारत नाही. तिने एक लिहिला. मग ‘खालच्या खोलीत?’ म्हणाली. मी म्हटलं, ते रिकामं ठेव, विचारून सांगतो.

तू घरी येत नाहीस ते माझ्यावर रागावून, असं मी शेजाऱ्यांना सांगतो. त्यांना ते पटतं, मला ओळखतात. पण तू माझ्यावर रागावलेली नाहीस, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तू स्वतःवर रागावली आहेस. किती, ते मात्र माहीत नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी तुझ्या नवऱ्याचा फोन आला. त्याने मला हे सांगू नये असं तू बजावलं असशील. त्याला बोलू नकोस, बिचारा अर्ध्या वाक्यात तीनदा थांबला. म्हणाला, ‘बाबा, तिने वॉर्ड सोडलाय. स्वतःहून मागून घेतलं. आता जुन्या कागदांच्या खोलीत बसते, नोंदी लावते.’ मी विचारलं का, तर म्हणाला, एका आजीबाईंना घरी सोडत होते, त्यांच्या मुलीने हिला विचारलं, सिस्टर, उन्हाळ्यात आईची काय काळजी घेऊ? ही उत्तर न देता उठून गेली. दुसऱ्या दिवशी अर्ज दिला. ‘म्हणते, मी कुणाला काही सांगायचं नाही आता. मी सांगितलं आणि माझी आई गेली.’

त्या फोननंतर दोन दिवस मी कारखाना उघडला नाही. तिसऱ्या दिवशी ती बाई मापांचं उरलेलं काम घेऊन आली. तिने दोन थर्मामीटर दिले, काड्यापेटीएवढे, पांढरे, एकसारखे. वरच्या खोलीत ऊन पश्चिमेचं, तिथे खरी उष्णता किती येते ते तिला हवं होतं. एक पलंगाच्या डोक्याशी टांगायचा, एक बाहेर खिडकीच्या छज्ज्याखाली. सकाळी अकरापासून संध्याकाळी सहापर्यंत दर तासाला आकडे लिहायचे. ‘पहिल्या दिवशी खिडक्या लावून, पडदे ओढून. दुसऱ्या दिवशी सगळ्या उघड्या टाकून. बघूया कशाने काय फरक पडतो. जमेल ना काका? नुसतं बसायचं आहे.’ मी म्हटलं, जमेल.

तुझ्या आईच्या पलंगावर मी वर्षभर झोपलो नव्हतो, बैठकीतच अंथरूण घालत होतो. त्या दिवशी अकराच्या आधी मी वर गेलो, तिन्ही खिडक्या लावल्या, पडदे ओढले, आणि तिच्या जागेवर बसलो. अंधारात डोळे बसायला वेळ लागला. मग सगळं दिसायला लागलं. तिचा चष्म्याचा डबा, तिची पाण्याची खुणा केलेली बाटली, त्या खुणा तू केल्या होत्यास, दिवसभरात किती प्यायचं ते. अकराला आत एकतीस होतं. बाराला बत्तीस. तीनला बाहेर बेचाळीस आणि आत चौतीस. मला घाम आला, पण बसवत होतं. चारच्या सुमाराला चक्क डुलकी लागली.

दुसऱ्या दिवशी तिन्ही खिडक्या उघडल्या आणि वाऱ्याने मिटू नयेत म्हणून वरच्या कड्या अडकवल्या. वारा आला. काय वारा होता. मी केलेल्या खिडक्या आहेत त्या, वाऱ्याला बोलावून आणतात. पडदे छताला लागत होते. पण तो वारा आता पूर्वीचा नाही. समोरच्या उताराची झाडं पाच वर्षांपूर्वी कापली, तिथे ट्रकांचा तळ झाला, सगळं डांबर, कडेने पत्र्याच्या शेड. वारा त्याच्यावरून तापून येतो. आई म्हणायची, अहो, वाऱ्याला डांबराचा वास येतो. मी म्हणायचो, तुला भास होतो. बाराला आत सदतीस. दोनला चाळीस. तीनला एकेचाळीस. बसल्या जागी माझ्या कानात गुणगुण सुरू झाली, तोंड कोरडं पडलं, आणि मी धडधाकट आहे. चारला मी उठून खाली गेलो. मला तिथे बसवेना.

सात अंश, खिटी. एकाच खोलीत, एकाच वेळेला, खिडक्या लावल्या तर चौतीस आणि उघडल्या तर एकेचाळीस. ती बाई आकडे बघून म्हणाली, ‘बघा, दुपारी खिडकी लावली की अर्धं काम फुकटात होतं. आमच्या मशीनला काय, ते उरलेलं अर्धं करतं.’ तू आईला रोज सकाळी दहाला फोन करून नेमकं हेच सांगायचीस. आई, अकरानंतर खिडक्या लाव, पडदे ओढ, मानेवर ओला रुमाल ठेव. तुझं हृदय अशक्त आहे, गोळ्यांनी अंगातलं पाणी जातंय, तुला ऊन सोसणार नाही. तुझं शिक्षण बरोबर होतं. तू बरोबर होतीस.

आता त्या दिवसाचं लिहितो. आत्तापर्यंत जे लिहिलं ते इथे यायला लिहिलं.

तुझा फोन झाल्यावर तिने खिडक्या लावून घेतल्या. साडेअकरालाच. जेवण खाली न येता वरच मागितलं, मी नेऊन दिलं, थोडंसं खाल्लं तिने. दीड वाजता ताट आणायला गेलो तेव्हा खोलीत अंधार होता. भर दुपारी, माझ्या घरात, तीन खिडक्या असलेल्या खोलीत मला भिंत चाचपत जावं लागलं. मला काय झालं ते मी आज नीट सांगतो. मला वाईट वाटलं नाही, मला अपमान वाटला. मी म्हटलं, कबरीत झोपल्यासारखी काय झोपलीस, जरा वारा तरी घे. आणि तिन्ही खिडक्या उघडल्या. कड्या अडकवल्या, म्हणजे तिला उठून लावता येऊ नयेत असं नाही, पण त्या वरच्या कड्यांना तिचा हात पुरत नव्हता, हे मला माहीत होतं. मीच बसवल्या होत्या. तू आणलेला टेबलफॅन आठवड्यापूर्वी मी खाली पॉलिश वाळवायला नेला होता. तो वर आणून द्यावा असं मनात आलं. म्हटलं, संध्याकाळी नेऊ.

खाली येऊन मी रंध्याचं मशीन सुरू केलं. एका चौकटीचं काम होतं. तीन तास मशीन चालू होतं. तिने हाक मारली असेल तर मला ऐकू गेली नाही. मारली नसेलही. मला दोन्ही सोसत नाही.

पाचला वर गेलो. पडदा उडत होता आणि तिच्या कपाळावरचे केस उडत होते, म्हणून आधी मला काही कळलंच नाही. हलतंय असं वाटलं. मग हात लावला. डॉक्टरांना फोन केला. आणि ते यायच्या आधी मी तिन्ही खिडक्या लावल्या आणि पडदे ओढले. का, हे मी वर्षभर स्वतःला विचारतोय. एक उत्तर असं आहे की ते केस मला बघवेनात. ते खरं आहे. दुसरं उत्तर असं की मला त्याच क्षणी सगळं कळलं होतं. तेही खरं आहे. डॉक्टर आले तेव्हा खोली बंद होती. घाम पुसत ते म्हणाले, अशा कोंदट खोलीत, असं हृदय असताना, कसं सोसणार. मी ऐकलं आणि गप्प राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू आलीस. डॉक्टर तुला फाटकाशीच भेटले होते. जिन्यात, पाचव्या पायरीवर, तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, ‘बाबा, मीच तिला खिडक्या लावायला सांगितलं होतं.’ मी म्हटलं, ‘हो. तिने लावल्या होत्या.’ या वाक्यात एक शब्द खोटा नाही. त्याच्या पुढचं वाक्य मी गिळलं. तू तिथेच पायरीवर खाली बसलीस. तुझ्या चेहऱ्यावर ते कसं उतरलं ते मी पाहिलं. तेव्हाही बोलता आलं असतं. त्या आठवड्यात, पुढच्या महिन्यात, प्रत्येक वेळी फोन वाजून थांबला तेव्हा. मी बोललो नाही. तू वॉर्ड सोडलास ते माझ्या त्या गिळलेल्या वाक्यामुळे.

खिडक्या लावलेल्या असत्या तर ती वाचली असती का, ते मला माहीत नाही. परवा मी डॉक्टरांकडे जाऊन त्यांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ पेनाचं टोपण काढत आणि लावत होते. म्हणाले, तिचं हृदय तसं होतंच, कुणी नक्की सांगू शकणार नाही. मग म्हणाले, पण तुमच्या मुलीने सांगितलं होतं ते मीही सांगितलं असतं. ते वाक्य मी तुझ्यासाठी जपून घेऊन आलोय. बाकी त्यांच्याकडून मला काही नको होतं.

नव्या फॉर्मवर वरच्या खोलीपुढे दुसऱ्या रकान्यात मी ‘बंद’ लिहिलं आणि सही केली. तुझ्या खोलीपुढे आईचाच आकडा उतरवला, ‘दोन, कधीतरी तीन.’ बाई म्हणाली, काका, कधीतरी तीन असं मशीनला सांगता येत नाही. मी म्हटलं, मग तीनच धर. तू यावंस म्हणून हे लिहीत नाही. ते मागायचा हक्क मला नाही. ती खोली गार राहील, एवढंच. काम पुढच्या महिन्यात सुरू होईल.

हे पत्र मी का लिहिलं, ते शेवटी सांगतो, कारण तेच लिहायचं नव्हतं. त्या दिवशी मी कड्या अडकवून वळलो तेव्हा आई उशीवरून माझ्याकडे बघत होती. चिडली नव्हती. चाळीस वर्षं मला ओळखत होती. किंचित हसली आणि म्हणाली, ‘राहू देत उघड्या. फक्त तिला सांगू नका हं, उगाच जिवाला लावून घेईल.’ ती माझ्याशी बोललेली ही शेवटची गोष्ट. वर्षभर मी स्वतःला सांगत आलो, की मी गप्प आहे ते तिची शेवटची इच्छा म्हणून. तिच्या शब्दामागे लपून बसलो आणि ज्या जिवाला लागू नये म्हणून ती बोलली, त्याच जिवाला सगळं लागू दिलं. लग्नानंतर तिचं एवढं निमूट मी दुसऱ्या कशात ऐकलं नव्हतं. आज मोडतो. खिडक्या मी उघडल्या, खिटी. तिने लावल्या होत्या. तू सांगितलंस, आणि तिने तुझं ऐकलं होतं. त्या आजीबाईंची मुलगी अजून उत्तराची वाट बघत असेल. तिला जाऊन सांग.

तुझाच, अजून म्हणू दिलंस तर,
बाबा